व्यस्त सर्व्हरचं नेटवर्क रखडलं, तर दोष नेमका कुठे शोधायचा

सोमवारी सकाळी साडेदहाला भोसरीतल्या कारखान्यात ईआरपीची (साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्क्रीन उघडायला मिनिट लागतं. खराडीतल्या ऑफिसात फाइल सर्व्हरवरून ड्रॉइंग उतरवताना पट्टी अर्ध्यावर थांबते. अशा वेळी पहिला उपाय बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: सर्व्हर रीस्टार्ट करा. त्याने तास-दोन तास बरं वाटतं, पण नेटवर्क कार्डाने इतके दिवस मोजून ठेवलेले चुकांचे आकडे शून्यावर जातात, आणि दोष कुठे आहे हे सांगणारा पुरावाच हातातून जातो. म्हणून रीस्टार्टच्या आधी आकडे उतरवून घ्या. पुढचा सगळा तपास त्यांच्यावरच उभा राहतो.

हे विवेचन लिनक्स सर्व्हरसाठी आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा आणि जिथे ‘कॅपिटल’ म्हटलं आहे तिथे मोठं अक्षर. कार्डाचं नाव उदाहरणापुरतं ईथ० धरलं आहे.

‘हळू’ म्हणजे किती, ते आधी मोजा

गिगाबिट जोडणीवर पूर्ण भरलेली एक फ्रेम (तारेवरून जाणारा माहितीचा एक गठ्ठा) तारेवर १५३८ बाइटची जागा घेते. त्यात १५०० बाइटचं पॅकेट, १४ चं हेडर, ४ ची सीआरसी (फ्रेम वाटेत बिघडली का हे ओळखणारा आकडा), ८ चं प्रीअँबल (सुरुवातीची खूण) आणि १२ बाइटइतकी मोकळी जागा येते. टीसीपी-आयपीची हेडरं आणि टाइमस्टॅम्प वजा केले की तुमचा खरा माल १४४८ बाइट उरतो. म्हणजे १००० मेगाबिटच्या तारेवरून जास्तीत जास्त ९४१ मेगाबिट मिळणार, फाइल कॉपी करताना साधारण ११७ मेगाबाइट प्रति सेकंद. १० गिगाबिटवर हाच आकडा ९.४१ गिगाबिट.

मोजायला आयपर्फ३ हे वेग मोजणारं साधन वापरा. सर्व्हरवर ‘आयपर्फ३ -एस’, दुसऱ्या मशीनवर ‘आयपर्फ३ -सी’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता. मग तीच चाचणी ‘-आर’ (कॅपिटल) लावून उलट दिशेने करा. ही दुसरी फेरी टाळू नका. एकाच दिशेने वेग पडत असेल तर तपासाचा अर्धा भाग तिथेच वगळता येतो. कामाच्या वेळेत ही चाचणी पूर्ण लाइन भरून टाकते, म्हणून १० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, किंवा ‘-बी ३००एम’ लावून वेगाला मर्यादा घाला. आयपर्फ३ ची ३.१६ च्या आधीची आवृत्ती असेल तर ‘-पी ४’ (पी कॅपिटल) दिलं तरी चारही प्रवाह एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एकाच स्वतंत्र भागावर) चालतात. त्यामुळे १० गिगाबिटच्या पुढे तुम्ही नेटवर्क नव्हे, तर ती कोअर मोजत बसता.

आकडा ९४० च्या आसपास आला तर नेटवर्क ठीक आहे. डिस्क, डेटाबेस किंवा अँटिव्हायरसकडे वळा. ९४ च्या आसपास आला तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. आणि आकडा दोनशे ते सातशेमध्ये वरखाली नाचत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

कोणता आकडा वाढतोय?

दोन कमांड चालवा आणि त्यांचं उत्तर फाइलमध्ये साठवा:

आयपी -एस -एस लिंक शो ईथ०
इथटूल -एस ईथ० (एस कॅपिटल)

६० सेकंदांनी, आणि तेही गर्दीच्या वेळी, पुन्हा चालवा आणि वजाबाकी करा. नुसता आकडा फसवतो. २०० दिवस चालू असलेल्या सर्व्हरवर पाच हजार सीआरसी चुका दिसल्या, तर त्या कदाचित कुणीतरी एकदा चालू केबल हलवली तेव्हाच्या असतील. मिनिटाला पाच वाढत असतील तर तो आजचा दोष आहे.

सीआरसी चुका वाढत असतील तर फ्रेम वाटेत बिघडते आहे: केबल, कनेक्टर, एसएफपी (फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल), किंवा एखादं पोर्ट. ‘मिस्ड’, ‘फिफो’ किंवा ‘नो बफर’ वाढत असेल तर तारेचा दोष नाही. फ्रेम शाबूत पोचली, पण सर्व्हरने ती वेळेत उचलली नाही. ‘लेंग्थ’ची चूक एमटीयूकडे (एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे) बोट दाखवते, ‘कॅरिअर’ वाढणं म्हणजे लिंक तुटतेय-जुळतेय. आकड्यांची नावं ड्रायव्हरप्रमाणे बदलतात. इंटेलच्या आयएक्सजीबीई ड्रायव्हरमध्ये ‘आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस’ दिसेल, मेलॅनॉक्सच्या एमएलएक्स५ मध्ये जवळपास त्याच अर्थाचं ‘आरएक्स_आउट_ऑफ_बफर’. ड्रायव्हर कोणता हे ‘इथटूल -आय ईथ०’ सांगतं.

‘आरएक्स ड्रॉप्ड’ या आकड्याने मात्र अनेकांचे दिवस वाया जातात. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३७ पासून, ज्या प्रोटोकॉलचं कुणी गिऱ्हाईकच नाही अशी पॅकेटही यात मोजली जातात. स्विचकडून दर ३० सेकंदांनी येणारा एलएलडीपीचा (स्विचने स्वतःची ओळख सांगणारा) संदेश किंवा सर्व्हरवर न बांधलेल्या व्हीलॅनची (स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) रहदारी हे त्यातलंच. आकडा घड्याळासारखा ठरावीक गतीने वाढत असेल आणि रहदारीशी त्याचा संबंध नसेल, तर तो सोडून द्या.

स्विचच्या पोर्टवरचे आकडेही बघा. सर्व्हरवर सीआरसी वाढत असेल तर स्विचकडून सर्व्हरकडे येणारी वाट खराब, स्विचवर वाढत असेल तर सर्व्हरकडून जाणारी. याला एक अपवाद आहे. कट-थ्रू पद्धतीचा स्विच फ्रेम पूर्ण तपासण्याआधीच पुढे ढकलायला लागतो, त्यामुळे लांबच्या एखाद्या पोर्टवर बिघडलेली फ्रेम तुमच्या निर्दोष केबलवरून सर्व्हरपर्यंत येऊ शकते. स्विचच्या इतर पोर्टांवर सीआरसी दिसते का, हे बघितल्याशिवाय सर्व्हरची केबल बदलू नका.

तार आणि कनेक्टर

इथे घाई करू नका. लहान कारखान्यांत आणि ऑफिसांत बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात.

‘इथटूल ईथ०’ चालवून स्पीड आणि डुप्लेक्स बघा (दोन्ही दिशांनी एकदम पाठवता येतं ते फुल, एका वेळी एकाच दिशेने ते हाफ). १०० मेगाबिटला केबलच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली, सैल क्रिंप झाली (कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नाही) किंवा फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडली, की कार्ड नाइलाजाने १०० वर उतरतं. नेटवर्क ‘चालू’ दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

डुप्लेक्सची गफलत जुन्या उपकरणांजवळ सापडते. एका टोकाला कुणीतरी ‘१०० फुल’ असं पक्कं बांधून ठेवलेलं असतं आणि दुसरं टोक ‘ऑटो’वर असतं. ऑटोच्या टोकाला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि ते हाफवर जातं. पिंग एकदम स्वच्छ येतो, पण लोड आला की वेग कोसळतो. हाफच्या बाजूला ‘लेट कोलिजन’ (उशिरा झालेल्या टकरी) वाढतात, फुलच्या बाजूला सीआरसी. उपाय एकच: दोन्ही टोकं ऑटोवर. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला ऑटो-नेगोशिएशन बंधनकारकच आहे, त्यामुळे ‘सुरक्षित राहावं’ म्हणून वेग बांधून ठेवण्यात काही अर्थ नाही.

केबल कोणती आहे, हे खोक्यावरच्या छपाईवरून ठरवू नका. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीला केबल घ्यायला गेलात तर ‘प्युअर कॉपर’ स्पष्ट मागा आणि तिथेच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे. ती स्वस्त पडते, पण रोध जास्त, वाकवली की लवकर तुटते, क्रिंपच्या जागी गंजते आणि लांब अंतरावर सीआरसीचा पाऊस पाडते. कॅट ५ई आणि कॅट ६ च्या मानकांत तिला जागाच नाही. सर्व्हरसाठी तर ती अजिबात नको.

क्रिंप करताना जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. टी५६८बी या मानकातला तारांचा क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. अनेकजण दोन्ही टोकांना रंग ओळीने लावतात आणि हिरवी जोडी शेजारी-शेजारी बसवतात. साध्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागतात, कारण तार इकडून तिकडे सलगच आहे. पण ३ आणि ६ या पिनांना दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा जातात, पीळ निरुपयोगी होतो आणि लोडखाली फ्रेम बिघडत राहतात. दिवे लागले म्हणून केबल चांगली, असं मानू नका. टोकं डोळ्यांनी तपासा.

एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी. १० गिगाबिटसाठी कॅट ६ सुमारे ५५ मीटरपर्यंत चालते, त्यापुढे कॅट ६ए. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये मोटरचे ड्राइव्ह आणि वेल्डिंग यंत्रं असतात. पॉवरच्या केबलशेजारून समांतर नेटवर्क केबल नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडा. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना तांबं नको, फायबरच टाका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेतून आलेला धक्का दोन्ही टोकांची पोर्टं घालवतो.

कर्नल ५.८ किंवा नवा असेल आणि कार्डाला जमत असेल, तर ‘इथटूल --केबल-टेस्ट ईथ०’ कोणती जोडी किती मीटरवर तुटली आहे ते सांगतं. चाचणीच्या काळात लिंक बंद पडते, म्हणून ती सुट्टीच्या वेळीच करा.

फायबर असेल तर ‘इथटूल -एम ईथ०’ चालवा आणि ‘रिसीव्हर सिग्नल’ची पॉवर बघा. १०जी एसआर (कमी अंतराच्या) मॉड्यूलला किमान −९.९ डीबीएम प्रकाश मिळायला हवा, एलआरला (लांब अंतराच्या) −१४.४. उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. एसआरवर −९ दिसत असेल तर लिंक आज चालेल, पण थोडी धूळ बसली की चुका सुरू होतील. रस्त्यांच्या खोदाईची धूळ खिडकीतून सर्व्हर रूमपर्यंत येते. फायबरचं टोक क्लिक-क्लीनरने किंवा धागे न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. शर्टाने पुसू नका आणि तोंडाने फुंकरही घालू नका, वाफेचा थर बसतो. केबलची दोन्ही टोकं आणि मॉड्यूलचं तोंड, सगळं साफ करा. चालू फायबरच्या तोंडात डोळा घालून बघू नका. जुन्या इमारतीत नारिंगी फायबर असेल तर त्यावरची छपाई वाचा: ओएम३ प्रतीच्या फायबरवर एसआर ३०० मीटर जातं, ओएम१ वर जेमतेम ३३.

बदल करताना क्रम ठेवा: केबल, मग स्विचचं पोर्ट, मग एसएफपी, शेवटी कार्ड. प्रत्येक बदलानंतर दहा मिनिटं आकडे बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी कोणामुळे गेला ते कळत नाही, आणि खराब केबल पुन्हा कपाटात जाऊन बसते.

तार स्वच्छ, तरी फ्रेम सुटतात

कार्ड आलेल्या फ्रेम मेमरीतल्या एका गोल रांगेत ठेवतं, हाच रिंग बफर. अनेक इंटेल कार्डांत ती सुरुवातीला २५६ किंवा ५१२ जागांची असते. १० गिगाबिटवर पूर्ण आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे ८,१२,७४३ येतात. म्हणजे ५१२ जागा ०.६३ मिलिसेकंदात भरतात. सगळ्यात लहान फ्रेम असतील तर सेकंदाला १,४८,८०,९५२ येऊ शकतात, आणि मग रांग ३४ मायक्रोसेकंदांत भरते. तेवढ्या वेळात कोअर दुसऱ्या कामात अडकली, की पुढच्या फ्रेमला जागा नाही. सरासरी वापर ३० टक्के दिसत असूनही फ्रेम का सुटतात, त्याचं उत्तर हे आहे: रहदारी झटक्यांनी येते आणि आलेखावर मिनिटाची सरासरी दिसते.

‘इथटूल -जी ईथ०’ सध्याची आणि कमाल रांग दाखवतं. वाढवायला ‘इथटूल -जी ईथ० आरएक्स ४०९६’, इथे जी कॅपिटल. पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने आता ५ मिलिसेकंदांची सवड मिळाली. हे करताना बऱ्याच ड्रायव्हरांत लिंक क्षणभर पडते, म्हणून आयड्रॅक, आयएलओ किंवा आयपीएमआयचा (सर्व्हरच्या स्वतंत्र दूर-नियंत्रणाचा) कन्सोल उघडा ठेवूनच करा, नुसत्या एसएसएचवर विसंबू नका.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेला जागा वाढवली तर सुट्टीच्या दिवशीचा तात्पुरता लोंढा सामावेल, पण गाड्या सोडणारे बूथ तेवढेच राहतील. तसंच इथे. रिंग वाढवूनही ‘मिस्ड’ चढत असेल, तर बूथ म्हणजे कोअर बघायची वेळ आली.

‘एमपीस्टॅट -पी ऑल १’ (पी आणि ऑल दोन्ही कॅपिटल) चालवून ‘सॉफ्ट’चा (पॅकेट हाताळण्यासारख्या कामात गेलेल्या वेळेचा) रकाना बघा. एक कोअर शंभराला टेकलेली आणि बाकी पंधरा रिकाम्या, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. ‘इथटूल -एल ईथ०’ने कार्डाच्या किती रांगा चालू आहेत ते तपासा; एकच असेल आणि कमाल आठ असेल तर ‘इथटूल -एल ईथ० कम्बाइंड ८’ द्या, इथे एल कॅपिटल. प्रॉक-इंटरप्ट्स फाइलमध्ये त्या रांगांचे इंटरप्ट (कार्डाने कोअरला दिलेल्या हाका) वेगवेगळ्या कोअरवर पडतात का ते बघा आणि ते वाटून देणारी आयआरक्यूबॅलन्स सेवा चालू आहे याची खात्री करा. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर कार्ड ज्या प्रोसेसरच्या स्लॉटला जोडलं आहे, इंटरप्ट त्याच्याच कोअरवर ठेवा. कार्डाच्या ‘डिव्हाइस’ फोल्डरमधली ‘न्यूमा_नोड’ फाइल तो क्रमांक सांगते.

एक मर्यादा समजून घ्या: एकच टीसीपी जोडणी नेहमी एकाच रांगेत जाते, नाहीतर पॅकेटांचा क्रम बिघडेल. म्हणून रात्रीचा एकच मोठा बॅकअप आठ रांगांमुळे वेगवान होणार नाही, दोनशे वापरकर्त्यांची गर्दी मात्र नक्की हलकी होईल.

त्यानंतर ‘प्रॉक-नेट’मधली ‘सॉफ्टनेट_स्टॅट’ फाइल. दर ओळ एका कोअरची, आकडे षोडशमान पद्धतीत. दुसरा रकाना (टाकून दिलेली पॅकेटं) वाढत असेल तर ‘नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग’ ही कर्नलची मर्यादा सिसकंट्रोल कमांडने १००० वरून ५००० करा. तिसरा वाढत असेल तर कोअरला एका फेरीत दिलेला वेळ किंवा पॅकेटांचा कोटा संपतोय: ‘नेटडेव्ह_बजेट’ ३०० वरून ६०० करा आणि ‘नेटडेव्ह_बजेट_युसेक्स’ही दुप्पट करा. दोहोंपैकी एकच वाढवलं तर दुसरी मर्यादा आधी लागते आणि फरक दिसत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ‘एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल’ असं दिसलं, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि कॉनट्रॅकची (फायरवॉलने ठेवलेल्या जोडण्यांच्या यादीची) मर्यादा वाढवा, तिथे पॅकेट फायरवॉलच टाकून देतो आहे.

स्लॉट, उष्णता आणि ड्रायव्हर

‘एलएसपीसीआय -व्हीव्ही’मध्ये कार्डाची ‘लिंक-कॅप’ (क्षमता) आणि ‘लिंक-स्टेटस’ (प्रत्यक्ष मिळालेली जोडणी) ताडून बघा. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीचं, आठ लेनचं (लेन म्हणजे स्लॉटमधली डेटाची एक वाट), दोन पोर्टांचं १० गिगाबिट कार्ड चार लेनच्या स्लॉटमध्ये बसलं, तर हातात १६ गिगाबिट उरतात, आणि त्यातूनही पीसीआयच्या स्वतःच्या हेडरांचा खर्च जातो. तिसऱ्या पिढीची एक लेन साधारण ७.९ गिगाबिट देते, म्हणजे एकाच लेनवर एक पोर्टही पूर्ण चालणार नाही. स्लॉट लांबीला मोठा दिसतो म्हणून आत सगळ्या लेन असतीलच असं नाही. मदरबोर्डचं पुस्तक बघा.

सर्व्हरसाठीची कार्डं रॅकमधल्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात. तीच साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये बसवली तर एप्रिल-मेच्या दुपारी तापतात. लिंक फक्त दुपारीच तुटत असेल तर कार्डासमोर पंखा लावून बघा.

डीमेसेजमध्ये ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ किंवा इंटेल ई१०००ई वर ‘हार्डवेअर युनिट हँग’ दिसलं तर आधी फर्मवेअर आणि ड्रायव्हर नवे करा. मग टीएसओ (मोठ्या डेटाचे तुकडे कार्डाकडून करून घेणं) बंद करून बघा, मग बायोसमधून पीसीआयची वीजबचत. सगळे ऑफलोड (कोअरचं ओझं हलकं करणाऱ्या अशा सोयी) सरसकट बंद करण्याचा सल्ला ऐकू नका: जीआरओ (आलेली पॅकेटं एकत्र करून हाताळणं) बंद केला की दर पॅकेटचं ओझं कोअरवर येतं आणि वेग उलट पडतो. सर्व्हर राउटर किंवा ब्रिजचं काम करत असेल तर एलआरओ (त्याचाच जुना प्रकार) मात्र बंदच हवा. टीसीपीडंपमध्ये (पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या साधनात) बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा चेकसम चुकीचा दिसतो, त्याने घाबरू नका. तो कार्ड नंतर भरतं.

कार्डाचे सगळे आकडे शांत, तरी वेग नाही

मग गळती वाटेत कुठेतरी आहे, किंवा टीसीपीची खिडकी (पोचपावतीची वाट न बघता पाठवता येणारा डेटा) लहान आहे. ‘एनस्टॅट’मध्ये पुन्हा पाठवलेली पॅकेटं बघा, ‘एसएस -टीआय’मध्ये जोडणीनिहाय. छोटी गळती किती महाग पडते याचा हिशेब: १४६० बाइटचा खंड, २० मिलिसेकंदांची फेरी (जाऊन परत येण्याचा वेळ) आणि दहा हजारांत एक पॅकेट हरवलं, तर टीसीपीच्या जुन्या रीनो या वेग-नियंत्रण पद्धतीच्या सूत्राने एका जोडणीला सुमारे ७१ मेगाबिटच मिळतात, तार कितीही मोठी असो. लिनक्सची क्युबिक पद्धत थोडी बरी वागते, पण चमत्कार करत नाही.

गळती नसेल आणि समोरचं टोक दूर असेल, तर बफर. ६० मिलिसेकंदांच्या अंतरावर गिगाबिट भरायला ७.५ मेगाबाइट एका वेळी वाटेत असावे लागतात. ‘टीसीपी_डब्ल्यूमेम’ची (पाठवण्याच्या बफरची) नेहमीची कमाल ४ मेगाबाइट आहे, म्हणजे ५६० मेगाबिटच्या वर जाताच येत नाही. दोन्ही टोकांना, पाठवणाऱ्याकडे डब्ल्यूमेम आणि घेणाऱ्याकडे आरमेम, १६ मेगाबाइट करा.

लॉगिन होतं पण फाइल पाठवताना गोठतं, हे एमटीयूचं लक्षण. जंबो (९००० बाइटच्या मोठ्या) फ्रेम वापरत असाल तर ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ (एम कॅपिटल) टोकापर्यंत जायला हवा; ८९७२ अधिक हेडरांचे २८ मिळून ९०००. वाटेतला एक स्विच १५०० वर राहिला तरी हा पिंग अडकतो. बाँडिंगमध्ये दोन तारा जोडल्या तरी एका जोडणीला एकाच तारेचा वेग मिळतो. गर्दी नीट वाटली जायला हॅश पॉलिसी (कोणती जोडणी कोणत्या तारेवर जाईल हे ठरवणारा नियम) ‘लेअर३+४’ ठेवा.

बदल टिकवा

इथटूलने केलेला कोणताही बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो. नेटवर्कमॅनेजर असेल तर रिंगचा आकडा जोडणीच्या ‘इथटूल.रिंग-आरएक्स’ या गुणधर्मात लिहा, सिसकंट्रोलचे आकडे ‘सिसकंट्रोल.डी’ फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा आणि शेजारी तारीख व कारण टिपून ठेवा. मग महावितरणच्या गुरुवारच्या देखभालीत वीज जाणारच असेल, तर तोच मुहूर्त धरून सर्व्हर रीतसर बंद-चालू करा. वर आल्यावर ‘इथटूल -जी’ आणि ‘-एल’ पुन्हा वाचा आणि सोमवारी साडेदहाच्या गर्दीत ६० सेकंदांची तीच वजाबाकी पुन्हा करा.